वोंग, कितो, गालो



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते व्याकरण शिकवायचे. एखादा शब्द फळ्यावर लिहायचे आणि वर्गाकडे वळून विचारायचे, ‘हा कुठून आला? कोणाबरोबर आला? आणि उतरला कोणाच्या घरी?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना यायचं. दुसऱ्याला थोडे हात वर व्हायचे. तिसऱ्याला वर्ग गप्प. मला आज त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. त्यासाठी मी तुम्हाला महाराष्ट्रातून बरंच दूर, सुमात्रा बेटावर, मुसी नदीच्या काठी नेणार आहे.

तिथे पालेम्बांग नावाचं शहर आहे. इंडोनेशियाच्या दक्षिण सुमात्रा प्रांताची ही राजधानी. इथली माणसं स्वतःची ओळख तीन शब्दांत सांगतात : वोंग कितो गालो. अर्थ साधा आहे, ‘सगळी आपलीच माणसं’. परगावी दोन पालेम्बांगकर भेटले तर हे शब्द निघाल्याशिवाय राहत नाहीत. आता गुरुजींचा पहिला प्रश्न विचारू. हे तीन शब्द कुठून आले?

‘वोंग’ म्हणजे माणूस. मलय भाषेत माणसाला ‘ओरांग’ म्हणतात. ‘वोंग’ हा जावा बेटावरचा शब्द, शुद्ध जावानीज. ‘कितो’ म्हणजे आपण. हा मलय ‘किता’, फक्त शेवटचा ‘आ’ इथे ‘ओ’ झाला आहे. आणि ‘गालो’ म्हणजे सगळे. मलय भाषेत ‘सगाला’ म्हणून शब्द आहे, त्याचाच हा झिजलेला तुकडा असावा. आणि सगाला कोण? तो आपला संस्कृत ‘सकल’. मराठीत येता येता तो ‘सगळा’ झाला, समुद्रापलीकडे ‘सगाला’ झाला. एक शब्द जावाचा, एक सुमात्राचा, एक संस्कृताच्या घरचा. तीन शब्दांत एका शहराचा तेरा-चौदाशे वर्षांचा इतिहास बसला आहे.

तेरा-चौदाशे हा आकडा मी सहज म्हणून घेतलेला नाही. १९२० साली पालेम्बांगजवळ केदुकान बुकित या गावी, मुसीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी, एक लहानसा दगड सापडला. त्यावर पल्लव लिपीत लेख आहे. साल इसवी सन ६८३. मलय भाषेचा सन-तिथीसह मिळालेला हा सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक. दापुंता ह्यांग नावाचा अधिपती नौकेत बसून सिद्धयात्रेला निघाला, त्याची ही हकिगत. सोबत सैन्य किती? लेखात शब्द आहे ‘दुअलक्ष’. आपण म्हणू, दोन लाख! पण थांबा. मलय भाषेने आपला ‘लक्ष’ घेतला आणि त्याची किंमत बदलली, तिथे लक्ष म्हणजे दहा हजार. तेव्हा सैन्य वीस हजारांचं. शब्द परक्या घरी गेला की त्या घरचा हिशेब शिकतो.

हीच ती श्रीविजय या राज्याची राजधानी. चिनी भिक्षू इत्सिंग ६७१ साली भारताकडे निघाला, तेव्हा वाटेत इथे सहा महिने थांबला. कशासाठी? संस्कृत व्याकरण शिकायला. पुढे त्याने आपल्या देशबांधवांना सल्लाच दिला की भारतात जाण्याआधी इथे मुक्काम करून अभ्यास करा. हे शहर अनोळखी भाषांना कधी घाबरलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

मग यात जावा कुठे आलं? इथे एक मोठी फसगत होते, ती आधी दूर करू.

पालेम्बांगची बोली ऐकली की कानावर पहिल्यांदा येतो तो ‘ओ’. प्रमाण मलयमध्ये ‘आपा’ म्हणजे काय, इथे ‘आपो’. ‘माना’ म्हणजे कुठे, इथे ‘मानो’. ‘नामा’ म्हणजे नाव, इथे ‘नामो’. कुठे निघालात असं विचारायचं असेल तर ‘नाक क मानो?’ जावामधली प्रतिष्ठित बोलीही शेवटचा ‘आ’ ओकाराकडे झुकवते. झालं! ऐकणारा म्हणतो, बघा, हा जावाचा परिणाम. मी स्वतः कितीतरी दिवस असंच समजत होतो.

पण नकाशा पाहा. पश्चिमेला मिनांगकाबाऊ लोक आहेत, तेही ‘आपो’ म्हणतात. उत्तरेला जांबी, पलीकडे बेंकुलू, तिथेही ओकार. मिनांगकाबाऊंच्या डोक्यावर जावानीज बोलणारा दरबार कधी बसला नव्हता. मग त्यांना ‘ओ’ कोणी शिकवला? कोणीच नाही. तो सुमात्राचा स्वतःचा आहे. आणि जावानीजची रीतही निराळी. तिथे शेवटचा ‘आ’ बदलला की त्याआधीचा ‘आ’ही त्याच्याबरोबर बदलतो. पालेम्बांगचा ‘मानो’ मात्र ‘मानो’च राहतो, ‘मोनो’ होत नाही. दोन भाषा एकाच सुरात बोलतात म्हणून त्या एकमेकींच्या मुली ठरत नाहीत.

आणखी एक दाखला देतो, तो मला फार आवडतो. त्याच केदुकान बुकितच्या दगडावर पायदळाचा आकडा आहे, १३१२. त्यातल्या तीनशेला शब्द आहे ‘त्लुरातुस’. आजच्या मलयमध्ये तीनला ‘तिगा’ म्हणतात, जावानीजमध्ये ‘तलू’. मग ६८३ सालचा सुमात्राचा राजा जावानीज बोलत होता का? मुळीच नाही. ‘तलू’ हा त्या सगळ्या बेटांचा सामायिक, पूर्वजांकडून आलेला शब्द. मलयने तो पुढे टाकून दिला, जावानीजने जपला. आपल्याकडे एखादी जुनी पैठणी धाकट्या जावेच्या पेटीत निघाली म्हणजे ती तिच्याच माहेरची, असं थोडंच असतं?

म्हणून ओकार बाजूला ठेवू. जे साम्य लगेच दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही. गुरुजींचा दुसरा प्रश्न घेऊ. शब्द कोणाबरोबर आला?

सोळाव्या शतकाच्या मध्याला जावाच्या उत्तर किनाऱ्यावरचं देमाकचं राज्य भाऊबंदकीत मोडलं. तिथले काही सरदार आणि राजघराण्यातले लोक समुद्र ओलांडून पालेम्बांगला आले. त्यांचा नायक की गेदे इंग सुरो. त्याच्या वंशानं पालेम्बांगवर राज्य केलं. आणि हे जावाशी पहिलं नातंही नव्हतं. त्याआधी चौदाव्या शतकात जावाच्या मजापाहित राज्यानं हे शहर जिंकलं होतं. पुढे इंग सुरोचं घराणं जावाच्या माताराम राज्याला वडीलधारं मानत राहिलं.

मग १६५९ साल आलं. डच कंपनीनं पालेम्बांगचा राजवाडा जाळून उद्ध्वस्त केला. माताराम मदतीला आलं नाही. त्यानंतर पालेम्बांगच्या राजानं स्वतःला सुलतान अब्दुर्रहमान म्हणवून घेतलं आणि जावाशी राजकीय नातं तोडलं. आता सांगा, जिनं ऐन वेळी पाठ फिरवली त्या सत्तेची भाषा या दरबारानं टाकली असेल की ठेवली असेल?

ठेवली. पुढची दीडशे वर्षं ठेवली. मिरी आणि बांका बेटावरचं कथील यांच्या पैशावर हा दरबार श्रीमंत झाला. सुलतान महमूद बदरुद्दीन पहिला यानं मोठी मशीद उभारली, नंतर नदीकाठी ‘कुतो बसाक’ हा किल्ला उभा राहिला. ‘बसाक’ म्हणजे मोठा, आणि ‘कुतो’ म्हणजे आपला कोट. एवढं वैभव झालं, दरबारची भाषा जावानीजच राहिली. मुसीच्या वरच्या अंगाला, डोंगराळ भागात, सुलतान गावप्रमुखांना सनदा देत. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या या सनदांना ‘पियागम’ म्हणत. त्यांची लिपी जावानीज, भाषा जावानीज. आणि त्या जपणारे गावकरी कोण? स्वतःच्या मलय बोली बोलणारे, बांबूवर आणि सालीवर स्वतःच्या उलू लिपीत लिहिणारे. ब्राह्मीच्याच दूरच्या कुळातली ती लिपी. म्हणजे गावाला सनद वाचता येत नव्हती, तरी ती कुळाचं दैवत म्हणून पेटीत होती. सत्ता कुठून येते हे त्या अनोळखी अक्षरांनीच सांगितलं जात होतं.

अशा दरबारातून शहराच्या बोलीत काय उतरलं? इथे आपण माझ्या मुख्य मुद्द्यापाशी आलो.

पालेम्बांगमध्ये बोलण्याच्या दोन पायऱ्या होत्या. रोजची बोली ‘बासो सारी-सारी’. बाजारात, नदीवर, बरोबरीच्यांत, पोराबाळांशी बोलायची. आणि दुसरी ‘बेबासो’, आदराची बोली. वडीलधारी, सासरची माणसं, दरबारी व्यक्ती यांच्याशी बोलायची. ‘बासो’ म्हणजे भाषा, शब्द संस्कृतातलाच. जावानीजमध्ये ‘बासा’ या शब्दाला आणखी एक छटा आहे, अदबीनं बोलणं. तीच छटा ‘बेबासो’त आली. इथे ‘मी’ म्हणजे ‘आकू’ नाही, ‘कुलो’. ‘हे’ म्हणजे ‘निकी’. ‘आहे’ म्हणजे ‘वन्तन’. हे सगळे जावाच्या अदबीच्या बोलण्यातले शब्द. जावानीजमध्ये खालच्या पायरीला ‘ङोको’ म्हणतात आणि वरच्या पायरीला ‘क्रामा’. ‘कुलो’ आणि ‘वन्तन’ हे क्रामाचे.

इथवर कोणालाही पटेल. दरबार जावानीज, म्हणून आदराचे शब्द जावानीज. पण आता रोजची बोली पाहू, मासे विकणाऱ्या बाईची.

पाण्याला मलय म्हणतो ‘आयर’. ती म्हणते ‘बान्यू’. माशाला मलय म्हणतो ‘इकान’. ती म्हणते ‘इवाक’. माणसाला ती म्हणते ‘वोंग’. हेही जावानीज! पण कुठल्या पायरीचे? क्रामामध्ये पाण्याला ‘तोया’ म्हणतात. माशाला ‘उलाम’. माणसाला ‘तियांग’. मासेवालीच्या तोंडात यातला एकही नाही. तिच्या तोंडात ‘बान्यू’, ‘इवाक’, ‘वोंग’. हे सगळे ङोको. जावामधला मुलगा आपल्या मित्राशी ज्या पायरीवर बोलतो, त्या पायरीचे.

म्हणजे काय झालं? जावाची भाषा या शहरात एका दारानं आली नाही, दोन दारांनी आली. एक दार दरबारचं. त्यातून ‘कुलो’ आला, ‘निकी’ आला, झुकून बोलण्याची रीत आली. दुसरं दार मागच्या अंगणाचं. तिथून ‘बान्यू’ आलं, ‘इवाक’ आला. सरदार आले तेव्हा एकटे आले नसणार. त्यांच्याबरोबर नावाडी आले, कारागीर आले, दाया आल्या, स्वैंपाकिणी आल्या. सरदारानं शहराला नमस्कार शिकवला. पाणी मागायला शिकवलं ते त्याच्या पाठोपाठ आलेल्या माणसांनी. इतिहासाच्या पानावर फक्त सरदाराचं नाव आहे. बाकीच्यांचा पुरावा कुठे आहे म्हणाल, तर तो मासेवालीच्या बोलण्यात आहे.

गुरुजींचा तिसरा प्रश्न आठवतो ना? ‘उतरला कोणाच्या घरी?’ एकाच भाषेतले शब्द, पण ‘कुलो’ वाड्यावर उतरला आणि ‘बान्यू’ विहिरीवर उतरलं.

शब्द जागेच्या नावातही उतरतो. दरवाजाला पालेम्बांगमध्ये ‘लावांग’ म्हणतात. हा शब्द जुन्या मलयमध्येही सापडतो, तेव्हा त्याचं सगळं श्रेय मी जावाला देणार नाही. पण नदीकाठी ‘लावांग किदुल’ नावाची मशीद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मसागूस हाजी अब्दुल हमीद यांनी ती बांधली, लोक त्यांना की मरोगान म्हणून ओळखतात. ‘किदुल’ म्हणजे दक्षिण. आता पाहा, पालेम्बांगची वस्ती नदीवरून ओळखली जाते. दक्षिण काठ ‘उलू’, म्हणजे वरचं अंग, आणि उत्तर काठ ‘इलिर’, म्हणजे खालचं अंग. मोहल्ल्यांची नावंही ‘७ उलू’, ‘१३ उलू’, ‘१ इलिर’ अशी. हा सुमात्राचा नदीवरचा स्वभाव. जावाचा माणूस मात्र घरात पेला सरकवतानाही उत्तर-दक्षिण बोलतो. तर इलिर काठावर, नदीच्या शेजाऱ्यांमध्ये, ‘दक्षिण दरवाजा’ हे जावानीज नाव आपली जागा धरून उभं आहे.

हे ऐकताना तुमच्या मनात आपली मराठी आली असेल. माझ्याही येते. आपल्याकडेही शतकानुशतकं फारसी दरबारी भाषा होती. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. दरबारचे शब्द राजाज्ञेनं बदलता येतात. पण दरवाजा, जमीन, हवा हे शब्द कोणाच्या आज्ञेनं हलले का? ते घरात उतरले होते.

आणि तंजावर! तंजावरचं बृहदीश्वराचं देऊळ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. राजेंद्र चोळानं १०२५ साली समुद्रापार स्वारी केली, तिचं वर्णन त्या देवळाच्या भिंतीवर कोरलेलं आहे आणि जिंकलेल्या ठिकाणांत श्रीविजयाचं नाव आहे. त्याच देवळाच्या आवारात १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. एका देवळात मुसीकाठचं राज्यही आहे आणि आपली मराठीही आहे. मला हे दोन लेख नेहमी एकत्र आठवतात, कारण तंजावरची मराठीसुद्धा दरबाराबरोबर परमुलखात गेलेली भाषा. पण एक फरक आहे. तंजावरचं राज्य १८५५ साली संपलं आणि मराठी तरी त्या घरांत राहिली. तमिळच्या शेजारानं तिचे हेल बदलले, वाक्यं बदलली, पण आई मुलाशी मराठीत बोलत राहिली. पालेम्बांगच्या बेबासोला ही आई मिळाली नाही.

का मिळाली नाही?

कारण बेबासो कधी कोणाची संपूर्ण भाषा नव्हतीच. ती एक पायरी होती. व्याकरण मलयच, फक्त आदराच्या जागी जावाचे शब्द. आदर दाखवायला समोर कोणीतरी लागतं. १८२१ साली डचांनी सुलतान महमूद बदरुद्दीन दुसरा याला पकडून दूर तर्नाते बेटावर पाठवलं. तिथेच १८५२ साली त्याचा अंत झाला. या माणसानं डचांशीही झुंज दिली होती, इंग्रजांशीही. १९८४ साली इंडोनेशियानं त्याला राष्ट्रवीर घोषित केलं, आज शहराच्या विमानतळाला त्याचं नाव आहे. त्याला नेल्यावर दोन वर्षांत सल्तनत बरखास्त झाली. जुना राजवाडा पाडून त्या जागी डच रेसिडेंटाचं घर बांधलं गेलं. ज्याच्यापुढे ‘कुलो’ म्हणायचं तो दरबार उरला नाही.

तरीही बेबासो लगेच मेली नाही. जुन्या घराण्यांत सासऱ्याशी, आजोबांशी बोलताना ती आणखी शंभर वर्षं टिकली. मग १९२८ साल. बटाव्हियात जमलेल्या तरुणांनी शपथ घेतली : एक देश, एक राष्ट्र, आणि एकतेची भाषा इंडोनेशियन. ही भाषा मलयवर उभी केली, जावानीजवर नाही, जरी जावानीज बोलणारे सर्वांत जास्त होते. याचं एक कारण नेहमी सांगितलं जातं. मलयमध्ये उच्च-नीच पायऱ्या नाहीत, ती सर्वांना समान वागवते. आणि मला हे वाचताना दर वेळी पालेम्बांग आठवतं. इथल्या मलयनं जावाकडून पायऱ्या घेतल्या होत्या. सगळा देश पायऱ्या नसलेल्या मलयकडे वळला, तेव्हा पायऱ्या असलेली ही मलय वर्गातल्या फळ्यावर कशी टिकणार?

आज बेबासो नीट बोलणारी माणसं जुन्या घरांतली, वयानं वाढलेली. रोजची बोली मात्र धडधाकट आहे, आणि मला याचा मनापासून आनंद होतो. तिच्यात ‘नियान’ म्हणजे ‘फार’ आणि ‘लमाक’ म्हणजे चविष्ट. प्रमाण मलयमध्ये ‘लमाक’ म्हणजे चरबी, इथे जे जे सुखाचं ते ते ‘लमाक’. ‘पेम्पेक’ नावाच्या माशाच्या वड्या ‘चुको’त बुडवून खाल्ल्या की कोणीही म्हणेल, ‘लमाक नियान!’ हा ‘चुको’ म्हणजे आंबट-तिखट रस्सा. शब्द संस्कृत ‘चुक्र’ यावरून आलेला. आपल्या बाजारात जो आंबटचुका मिळतो, तो त्याचा सख्खा भाऊ. आणि पालेम्बांगमध्ये बाहुल्यांच्या सावल्यांचा ‘वायांग’ होतो, जावाच्या वायांगचाच हा नातेवाईक. रामायण-महाभारताची कथा तिथला सूत्रधार पालेम्बांगच्या बोलीत सांगतो. जावानं कथेची चौकट आणली, बोली शहराची राहिली.

आणि नावं. नावांबद्दल बोलून थांबतो. सल्तनतीत कुळांच्या पदव्या होत्या : पुरुषांना राडेन, मसागूस, कमास, कियागूस, स्त्रियांना राडेन आयू, मसायू, निमास, न्यायू. सगळ्या जावाच्या वळणाच्या. की मरोगान हे स्वतः मसागूस होते, हे मघाशी आलंच. या पदव्या आजही नावाआधी लागतात, हजेरीपटावर दोन-तीन अक्षरांच्या संक्षेपानं लिहिल्या जातात. वर्गात बाई हजेरी घेतात. एक मुलगी ‘हजर’ म्हणते. तिच्या नावाआधी ‘निमास’ आहे. ती घरी ‘बान्यू’ मागते, ‘इवाक’ खाते, मैत्रिणींना ‘वोंग कितो’ म्हणते. तिच्या आजीला ‘कुलो’ म्हणता येत होतं. तिला तो शब्द येत नाही. पण रोज सकाळी, तिचं नाव घेतलं जातं तेव्हा, तो सगळा दरबार त्या तीन अक्षरांतून वर्गात येऊन बसतो.